मणक्याशेजारच्या गाठी

दिवसाचा शेवटचा एमआरआय होता. फॉर्मवर फक्त एवढंच की वय ३४, पाठदुखी, ३ आठवड्यांपासून दोन्ही पायांत ताकद कमी. हिस्ट्रीचा रकाना कोरा, आणि हे रोजचंच झालंय.

डी ५ ते डी ९, म्हणजे पाठीच्या मधल्या भागात, मणक्यांच्या दोन्ही बाजूंना गुळगुळीत कडांच्या गाठी, त्यातलाच एक भाग आत शिरून कॉर्ड (मज्जारज्जू) दाबतोय. मी लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) टाइप केलं, खाली बायोप्सीचा सल्लाही, फक्त सही राहिली होती.

पण खटकत होतं. गाठी एवढ्या मोठ्या आणि हाड कुठेच खाल्लेलं नाही. टी१ (चरबी उजळ दाखवणाऱ्या एमआरआय इमेजेस) परत उघडलं तर या वयात चरबीमुळे उजळ दिसायला हवी ती हाडातली मज्जा सगळ्या मणक्यांत सारखीच काळपट, बरगड्या मणक्याजवळ फुगलेल्या, आणि लोकलायझरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या ढोबळ इमेजमध्ये (रेसिडेंटना रोज सांगते, तो बघत जा) स्प्लीन (प्लीहा) वाढून पार खाली उतरलेली.

बाहेर जाऊन पेशंटच्या बहिणीला विचारलं, ताई, यांना रक्त कमी असतं का?

"लहानपणापासूनच आहे मॅडम. एकदा रक्त चढवलं होतं. लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना, पंधरा वर्षं झाली."

पंधरा वर्षं, आणि एकदाही एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) नाही! नंतर केली तर एचबी एफ (गर्भातलं हिमोग्लोबिन) भरपूर वाढलेलं, थॅलेसेमिया इंटरमीडिया, म्हणजे या जन्मजात रक्ताच्या आजाराचा मधला प्रकार. यात लोह आधीच अंगात साठत जातं, त्यावर हे रोज गोळ्या घेत होते. यात लाल पेशी मज्जेतच मरतात, शरीर आणखी बनवा म्हणून रेटा लावत राहतं, मग मज्जा पुरत नाही आणि गर्भात असताना जसं लिव्हर-स्प्लीनमध्ये रक्त बनायचं तसं पुन्हा मज्जेबाहेर बनायला लागतं. याच त्या गाठी. मेजरवाल्यांना, म्हणजे थॅलेसेमियाच्या तीव्र प्रकारात, नियमित रक्त मिळतं, तो रेटा दबलेला राहतो, म्हणून त्यांच्यात हे कमी दिसतं.

रिपोर्ट खोडून नवा लिहिला. सर्जनना तरी बायोप्सी हवीच होती. या गाठी रक्ताने भरलेल्या असतात, कॉर्डशेजारी सुई घालून रक्तस्राव झाला तर काय, यावर फोनवर वीस मिनिटं वाद घातला तेव्हा कुठे ऐकलं. मग रक्त, स्टेरॉइड, कमी डोसचं रेडिएशन. दहाव्या दिवशी ते भिंत धरून उभे राहिले.

रेडिएशनच्या आदल्या दिवशी ताईंनी विचारलं होतं, "त्याला रक्त कमी, गाठ रक्त बनवतेय, मग तीच का जाळायची?" मी म्हटलं, आता बाहेरून देतोय ना, आणि तिथे जागाच नाहीये. त्यांनी मान हलवली खरी. हा आजार काय आहे हे पंधरा वर्षांपूर्वी कोणी त्यांना सांगितलं असतं तर, एवढंच डोक्यातून जात नाहीये.