दोन प्रोसेसरांचे ग्राफिक्स कार्ड उघडताना

नागपूरच्या बर्डीवरच्या एका दुकानातून घेतलेले जुने जीटीएक्स ६९० ग्राफिक्स कार्ड नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू होताच तापून वेग कमी करू लागले, तेव्हा ते पूर्ण उघडून थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंककडे, म्हणजे ती शोषणाऱ्या धातूच्या भागाकडे, नेणारा लेप) बदलायचे मी ठरवले. २०१२ साली आलेल्या या कार्डाची रचना हातात घेऊन पाहावी, ही इच्छा मला कित्येक दिवसांपासून होतीच.

वरचे धातूचे आवरण आणि मधला पंखा काढल्यावर दोन्ही टोकांना जीके१०४ जातीचा एकेक प्रोसेसर आणि त्याच्याभोवती त्याची स्वतःची दोन जीबी मेमरी दिसते. दोन्ही प्रोसेसरांनी आळीपाळीने एकाआड एक फ्रेम (पडद्यावरचे एक चित्र) काढताना तीच माहिती दोन्हीकडे ठेवावी लागते, त्यामुळे खोक्यावर चार जीबी लिहिलेले असले तरी खेळाच्या उपयोगाची मेमरी दोनच जीबी असते. मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती या दोन प्रोसेसरांमधली पीएलएक्स कंपनीची ब्रिज चिप. मदरबोर्डकडून मिळणाऱ्या सोळा लेन (माहितीची ये-जा करणाऱ्या वाटा) घेऊन ती प्रत्येक प्रोसेसरला स्वतंत्र सोळा लेन देते. ती नसती, तर एकाच स्लॉटवर दोन प्रोसेसर पूर्ण रुंदीने जोडता आले नसते.

विजेचा हिशेबही तितकाच विचारपूर्वक केलेला आहे. स्लॉटमधून ७५ आणि आठ पिनांच्या दोन जोडण्यांतून प्रत्येकी १५० असे ३७५ वॅट उपलब्ध असताना कार्डाची मर्यादा ३०० वॅट ठेवली आहे आणि त्यासाठी मूळ वेग एकाच प्रोसेसरच्या जीटीएक्स ६८० कार्डाच्या १००६ मेगाहर्ट्‌झवरून ९१५वर आणला आहे. माझ्या मते हा निर्णय शहाणपणाचा होता.

वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. खरी कसोटी मेमरीवरच्या थर्मल पॅडची (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्टीची) होती, कारण पॅड मूळ जाडीपेक्षा जाड लागला तर हीटसिंक प्रोसेसरच्या उघड्या चिपवर नीट टेकत नाही. म्हणून सुटे भाग आधी नुसते बसवून, पेस्टचा उठलेला ठसा पाहून, मगच स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडेथोडे आवळले.

मधल्या पंख्यामुळे एका प्रोसेसरची गरम हवा मागून बाहेर जाते, दुसऱ्याची मात्र कॅबिनेटमध्येच सुटते. नागपूरच्या मे महिन्यात हे परवडत नाही. म्हणून कार्डासमोरचा पंखा हवा बाहेर फेकेल असा उलटा लावला आणि थंड हवा खालून घेतली.