फ्रेटलेस बेस: विकत न घेता घरच्या गिटारचे फ्रेट काढले, त्याची गोष्ट

बेस म्हणजे खर्जातली, जाड तारांची गिटार. तिच्या मानेवरचे धातूचे आडवे पडदे म्हणजे फ्रेट, आणि ते नसलेला बेस तो फ्रेटलेस. सांगलीत राहून फ्रेटलेस बेस विकत घ्यायचा, तर आधी तो डोळ्यांनी बघायला मिळणंच मुश्कील. दुकानात चार तारी, पाच तारी बेस भिंतीला टांगलेले असतात. फ्रेटलेसचं विचारलं की उत्तर ठरलेलं: "मागवून देतो, ॲडव्हान्स भरा." म्हणजे न वाजवता, मानेवरून एकदा हातही न फिरवता पैसे मोजायचे. लग्न जमवताना तरी आधी पोहे मिळतात.

मला तो हवा होता, कारण आमच्या ग्रुपमध्ये बासरी आहे आणि आम्ही भावगीतं, नाट्यगीतं जरा वेगळ्या पद्धतीने वाजवतो. बासरी मींड घेत खाली येते आणि मी तिच्याखाली फ्रेटच्या बेसवर घसरत येतो, तेव्हा मींड होत नाही. अर्ध्या अर्ध्या स्वरांच्या पायऱ्या ऐकू येतात. गाणं लोणावळ्याच्या घाटातून उतरतंय आणि मी जिन्याने.

फ्रेट काढणं म्हणजे बेस गिटारचा प्रवास उलटा करणं. 1951 साली फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीने आपला पहिला बेस आणला, त्याचं नावच 'प्रिसिजन', म्हणजे अचूकता. उभ्या डबल बेसवर सूर शोधावा लागायचा, इथे फ्रेटमुळे तो नेमका मिळतो, हीच त्याची जाहिरात. पुढे दहा वर्षांनी बिल वायमनने (नंतर रोलिंग स्टोन्स बँडचा बेसवादक) एका स्वस्त बेसचे फ्रेट उपटले. नवे बसवायचा विचार होता, पण आवाज आवडला म्हणून तसाच ठेवला. कारखान्यातून थेट फ्रेटलेस बाहेर पडला तो 1966 मध्ये, ॲम्पेगचा. फेंडरचा आला 1970 मध्ये. आणि अमेरिकन बेसवादक जाको पास्टोरियसने फेंडरच्या ज्या 1962 च्या 'जॅझ बेस'वर या आवाजाचं वेड जगाला लावलं, तो मुळात फ्रेटवालाच. खाचा लाकडाच्या लुगदीने बुजवलेल्या आणि वरून बोटींना लावतात ते इपॉक्सी, वाळून टणक होणारं राळेचं आवरण. त्यामुळे 'फ्रेट काढलेला म्हणजे जुगाड' असं कोणी म्हणालं, की मी जाकोचं नाव घेतो आणि विषय संपवतो.

तरी मी आधी विकत घेण्याचाच विचार केला होता. आयबानेझचा एसआरएच 500 एफ फार आवडलेला, पोकळ अंगाचा, घोडीतच पिएझो पिकअप (तारेचा कंप टिपून ॲम्प्लिफायरला देणारा भाग) असलेला. पण महिन्यातून दोन-तीन कार्यक्रम आणि त्यातही चार गाण्यांपुरता लागणारा बेस, त्यासाठी एवढी रक्कम घरात मांडायची हिंमत झाली नाही. मधला मार्ग म्हणजे नुसती फ्रेटलेस मान परदेशातून मागवायची आणि चार स्क्रू काढून आपल्या बॉडीला लावायची. ऐकायला सोपं. फेंडर मापाच्या मानेचं बूड 63.5 मिमी रुंद असतं. माझ्या बॉडीची खाच मोजली तर त्याहून किंचित अरुंद निघाली. म्हणजे बॉडी तासणं आलं, शिवाय पाठवणावळ आणि कस्टम्स ड्यूटी. तो बेत तिथेच सोडला.

घरात एक जुना, जॅझ बेसच्या धाटणीचा, सेकंडहँड घेतलेला बेस होता. त्याचे फ्रेट झिजलेलेच होते, कधीतरी बदलावे लागणारच होते. असा बेस फ्रेटलेस करायला सगळ्यात योग्य, कारण गमावण्यासारखं फार नसतं. बाकी गोष्टीही जुळत होत्या. मान स्क्रूने बसवलेली, म्हणजे टेबलावर सुटी घेऊन काम करता येतं. ट्रस रॉड, म्हणजे मानेचा बाक कमी-जास्त करणारा आतला धातूचा दांडा, दोन्ही बाजूंना नीट फिरत होता. आणि बोर्ड (मानेवरची, बोटं टेकतात ती लाकडी पट्टी) शिसवाचा. बोर्ड मेपलचा असेल तर मी हे काम करणार नाही, कारण मेपलवर लॅकर असतं, फ्रेट निघताना त्याचे पापुद्रे उडतात आणि शेवटी सगळा बोर्ड पुन्हा रंगवावा लागतो. शिसव तेलकट आणि उघडंच असतं, थोडंफार खरचटलं तरी घासून निघतं.

फ्रेट काढणं हा यातला सगळ्यात किरकोळ भाग, आणि लोक घाबरतात नेमके त्यालाच. फ्रेटच्या खालच्या पात्याला बारीक दाते असतात, ते लाकडात रुतलेले असतात. थंड फ्रेट ओढला तर दाते लाकडाच्या कपच्या घेऊन वर येतात. म्हणून सोल्डरिंग आयर्न फ्रेटवर टेकवून तो चांगला तापू द्यायचा, कडेला तेल पाझरल्यासारखं दिसलं की समोरून चावणारा कटर त्याच्या खाली सरकवायचा. कटरचं तोंड आधी ग्राइंडरवर सपाट करून घ्यावं लागतं, नाहीतर ते फ्रेटखाली शिरतच नाही. ओढायचं नाही. नुसतं दाबत दाबत एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे जायचं, फ्रेट आपोआप उचलला जातो. ज्या बारीक कपच्या सुटतात, त्या तिथल्या तिथे फेविक्विकच्या थेंबाने बसवायच्या.

आता मानेवर वीस रिकाम्या खाचा. तशाच ठेवून तारा चढवल्या तर मान ताणाने पुढे वाकते, कारण बोर्डाचा कणखरपणा त्या खाचांनी कमी झालेला असतो. भरणं भाग आहे. खाच साधारण 0.6 मिमी रुंद असते. प्लायवुडच्या दुकानात सॅम्पलला ठेवलेल्या फिक्या विनियरचा, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याचा, तुकडा मागितला, तो पाऊण मिनिटात फुकट मिळाला. जाडी 0.5 मिमी. गोंद लागल्यावर विनियर थोडं फुगतं, त्यामुळे हे माप बरोबर बसतं. ठोकून बसवावं लागेल एवढं जाड घेतलं तर वीस पाचरी मारल्यासारखं होतं आणि मान उलटी, मागे वाकते. सैल नको, घट्टही नको, बोटाने दाबून आत जाईल इतपतच.

विनियर फिकं का, गडद का नाही? गडद घेतलं तर रेषा दिसत नाहीत, वाद्य देखणं दिसतं. पण फ्रेटवाल्या बेसच्या कडेचे ठिपके दोन फ्रेटच्या मधोमध असतात, आणि फ्रेटलेसवर बोट ठेवायचं असतं बरोबर फ्रेटच्या जागी. रेषा लपवल्या तर ते ठिपके रोज चुकीची वाट दाखवणार, मग ते बुजवून नवे पाडा. मी रेषा ठेवल्या. 'रेषा म्हणजे कुबड्या' म्हणणारे बरेच भेटतात. त्यांनी खुशाल डोळे मिटून वाजवावं.

खरं काम यानंतर सुरू झालं. विनियरची टोकं कापून बोर्ड एका पातळीत आणायचा होता. फ्रेटवाल्या गिटारवर बोर्डाला थोडा उंचसखलपणा असला तरी चालतं, कारण तार फ्रेटवर टेकते. फ्रेटलेसवर तार थेट लाकडावर. मानेच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत कुठेही केसाएवढा उंचवटा असला, की त्याच्या अलीकडचा स्वर खरखरतो नाहीतर मरतो. त्यात बोर्ड आडवा सपाट नसतो, कमानदार असतो. माझ्या बेसची कमान 12 इंच त्रिज्येची. म्हणजे लांबीला सरळ आणि रुंदीला गोल, असं घासायचं.

ओळखीच्या सुताराने सागाच्या ठोकळ्याला आतून त्या त्रिज्येची खोबण करून दिली. तिला पॉलिश पेपर चिकटवला आणि बरंचसं घरीच घासलं. आधी ट्रस रॉड फिरवून मान तंतोतंत सरळ केली, बोर्डभर पेन्सिलने नागमोडी रेघा मारल्या आणि त्या सगळीकडून सारख्या पुसल्या जाईपर्यंत लांब हाताने घासत राहिलो. 120 नंबर, मग 220, 400, शेवटी 600. पण शेवटची पारख मला माझ्या डोळ्यावर सोडायची नव्हती. म्हणून मान घेऊन मिरजेला गेलो.

मिरज आम्हाला परगाव नाहीच, महानगरपालिकासुद्धा एकच. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण सतारमेकर गल्लीतल्या कामाला त्याआधीची दीड शतकं आहेत. पूर्वी शस्त्रांना पाणी देणारे, धार लावणारे शिकलगार तंतुवाद्यांकडे वळले, त्यांच्याच पुढच्या पिढ्या. ज्या चाचांकडे गेलो त्यांनी मान उलटसुलट करून पाहिली.

"पडदे कोणी काढले?"

"मीच काढले, चाचा."

"बसवून घ्यायला येतात लोक. काढून कोण आणत नाही." मग एक डोळा मिटून मानेच्या टोकाकडून नजर टाकली. "आवाज कसा पाहिजे तुम्हाला?"

मी मोबाइलवर एक तुकडा ऐकवला. फ्रेटलेसचा तो ओळखीचा आवाज, स्वर सुरू होतो आणि मग आतून उमलत, थोडासा गुरगुरत लांबतो. चाचांनी दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. म्हणाले, "ही तर जवारी आहे."

मी इतकं वाचलं होतं त्यात हे एवढ्या थोडक्यात कुठेच नव्हतं. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उतरती असते. तार तिच्यावरून एकदम सुटत नाही, हळूहळू सुटते, आणि कंप पावताना त्या पृष्ठभागाला पुन्हापुन्हा स्पर्श करते. त्यातून वरचे स्वर उमलतात. फ्रेटलेसवर तेच काम बोटापुढचं लाकूड करतं. बोट मऊ, तार लाकडाला अगदी कमी कोनातून भेटते, कंपनात पुढच्या लाकडाला घासून जाते. फरक एवढाच, की तंबोऱ्याची जवारी एका जागी जुळवायची, आणि इथे प्रत्येक स्वराची जवारी बोर्डभर पसरलेली.

त्यांनी पोलादी पट्टी बोर्डवर उभी धरली, मागून दिवा धरला आणि पट्टीखालून कुठे उजेड येतो ते पाहत गेले. जिथे यायला नको तिथे बारीक कानस, दोन हात, पुन्हा पट्टी. नवव्या-दहाव्या फ्रेटच्या पट्ट्यात एक जागा त्यांना खटकली, तिथे मला बोट फिरवूनही काही जाणवलं नव्हतं. शेवटी लाखेचं पॉलिश करून देतो म्हणाले. मी नको म्हटलं, बेसच्या तारा जाड, लाख आठवड्यात निघून जाईल. पैसे विचारले तर त्यांनी इतके कमी सांगितले, की मी जास्त ठेवून निघालो.

घरी येऊन बोर्डाला रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड अळशीचं तेल पातळ चोळलं, पुसलं, वाळू दिलं. (त्या तेलाचे बोळे चुरगळून टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.) जाकोसारखं इपॉक्सी लावलं असतं तर आवाज अधिक टणक आणि लांब झाला असता, पण ते ओतल्यावर पुन्हा पहिल्यापासून घासून पातळी आणायची. त्याने इपॉक्सी लावलं त्यालाही कारण होतं. तो राउंडवाउंड, म्हणजे वरून गोल तार गुंडाळलेल्या खडबडीत तारा वापरायचा, त्या उघड्या लाकडाला करवतीसारख्या खातात. मी गुळगुळीत फ्लॅटवाउंड चढवल्या. अख्ख्या कामात सगळ्यात मोठा खर्च या तारांचाच.

फ्रेट गेले म्हणजे तारांखालची साधारण एक मिमी उंचीही गेली. म्हणून नट (मानेच्या टोकाशी, तारा ज्याच्या खाचांतून जातात तो तुकडा) खाली आणावा लागतो. खाचा खोल करत बसण्यापेक्षा मी तो हलकेच ठोकून सोडवला आणि बुडाकडून घासला, त्यामुळे तारांमधलं अंतर जसंच्या तसं राहिलं. नटपाशी तार आणि लाकूड यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढीच फट. घोडीकडची सॅडल (तार टेकते तो खाली-वर होणारा तुकडा) तळाला टेकली तरी तारा उंचच होत्या. मग मानेच्या खाचेत, पिकअपकडच्या टोकाला, उरलेल्या विनियरची एक पट्टी घातली. मान तेवढी मागे कलली आणि तारा बसल्या. फ्रेटवाल्या बेसला मी मानेत 0.3 मिमी बाक ठेवतो, इथे 0.1. त्याहून जास्त ठेवला की जवारी बंद होते आणि नुसता ठपठप आवाज येतो.

मागचा पिकअप पूर्ण उघडून पहिला सा लावला तेव्हा चाचा काय म्हणत होते ते कळलं.

वाजवणं ही वेगळी कथा. 34 इंची (नटपासून घोडीपर्यंतची तार) बेसवर पहिल्या फ्रेटची जागा नटपासून 48.5 मिमीवर येते, तर बाराव्याच्या पुढचा अर्धा स्वर फक्त 24 मिमीचा. म्हणजे खाली पाच मिमी चुकलात तर अर्ध्या स्वराचा दहावा भाग हुकतो, वर तेवढंच चुकलात तर पाचवा. मी मोबाइलवर तंबोरा लावून बसतो आणि सा-प-सा एवढंच संथ लयीत करतो. ट्यूनरकडे बघून बोट बसत नाही, असं माझं मत झालंय. तंबोऱ्यात स्वर मिसळला की नाही ते कानाला लगेच कळतं. आणि बोट रेषेच्या मागे नाही, रेषेवर. फ्रेटची इतक्या वर्षांची सवय मोडायला हेच सगळ्यात जड गेलं.

ग्रुपमधल्या एकाला आता आपलाही बेस असाच करून हवाय. त्याच्याकडे एकच बेस आहे, तोही मेपल बोर्डाचा, आणि दर शनिवारी लग्नाच्या सुपाऱ्या. त्याला मी सरळ सांगितलं, तू पैसे साठव आणि कारखान्यातलाच घे. फ्रेटलेसच्या किमतीत आपण नसलेल्या फ्रेटचे पैसे देत नाही. सरळ बोर्ड, खाली बसवलेला नट, योग्य जागी पाडलेले ठिपके, त्याचे देतो. तो अजून ऐकत नाहीये. रविवारी त्याला मिरजेला नेणार आहे, चाचांनी त्याची मान बघू दे.