तुम्ही विचारलंत म्हणून: यात गोष्ट कुठे आहे?

माझी फिल्म बघून झाली की लोक दोन प्रश्न विचारतात, आणि बहुतेक एका दमात विचारतात. "कविता चांगली लिहितेस की, मग हे फिल्मचं काय काढलंस?" आणि "यात गोष्ट कुठे आहे?" मामा विचारतात, वसतिगृहातल्या मैत्रिणी विचारतात, परीक्षक म्हणून आलेले पाहुणेही विचारतात. सहा मिनिटं मन लावून बघितल्यावर कुणी विचारत असेल, तर त्याला नीट उत्तर मिळायला हवं.

आधी फिल्ममध्ये काय आहे ते सांगते. माझी आई भाकरी करते आहे. चेहरा दिसत नाही. परात, पीठ, हात, तवा, जाळ, एवढंच दिसतं. आम्ही बार्शी तालुक्यातले, घरात दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी. फिल्मचा विषय मात्र भाकरी नाही, आईचा राग आहे.

आई रागावली की बोलत नाही. आवाज चढवत नाही, भांडी आपटत नाही. तरी बाहेरच्या खोलीत अभ्यासाला बसलेल्या आम्हा भावंडांना लगेच कळायचं, कारण भाकरी थापल्याचा आवाज बदलायचा. एरवी तिची थाप हलकी असते, एका लयीत पडते, आणि हाताखाली भाकरी आपसूक फिरत राहते. रागात थापा जवळजवळ पडायच्या, मग एकदम जोरात दोन, आणि मग काहीच नाही. त्या काहीच नसण्याची आम्हाला धास्ती वाटायची.

यावर मी पहिल्यांदा कविताच केली. आठ ओळींची. महाविद्यालयात वाचली तेव्हा "थाप थांबते आणि सगळं घर कान होतं" या ओळीला दाद आली. कविता मला आजही आवडते. पण तिच्यात आमच्या घरातला वेळ येत नव्हता. 'थाप थांबते' हे दोन शब्द वाचणारा वाचतो आणि पुढच्या शब्दावर जातो. किती थांबायचं ते त्याच्या मर्जीवर. आमच्या मर्जीवर ते कधीच नव्हतं. आई थांबली की ती पुन्हा सुरू करेपर्यंत आम्ही तिथेच अडकलेले असायचो. ते अडकणं दुसऱ्याला द्यायचं, तर किती थांबायचं हे मलाच ठरवता यायला हवं होतं. फिल्ममध्ये ते ठरवता येतं. मी तिकडे वळले ती एवढ्याचसाठी.

शूटिंग सुट्टीत घरीच केलं. परातीच्या उंचीला येईल असा कॅमेरा पाटावर ठेवला. आई उकळतं पाणी पिठात घालते, जरा निवलं की तळहाताने रगडून मळते, परातीत कोरडं पीठ भुरभुरवून थापायला घेते. भाकरी तव्यावर पडली की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवते. ते पाणी सुकत आलं की उलटते, आणि शेवटी जाळावर ती टम्म फुगते. हे सगळं मी घेतलं. थापेचा आवाज वेगळा टिपला, त्यासाठी फ्रिज आणि पंखा बंद ठेवायला लागला. एक गोष्ट आधीच ठरवलेली होती: आई खरोखर रागावलेली असताना कॅमेरा काढायचा नाही. तिचा राग तिचा आहे. तो तिच्या नकळत टिपून आणणं मला पटत नाही, मग फिल्म कितीही चांगली होणार असो.

म्हणजे माझ्याकडे होतं ते सगळं शांत हातांचं चित्रण. राग एडिटिंगमध्ये उभा करायचा होता. एका शॉटमध्ये तवा तापायची वाट बघत आईने दोन्ही हात परातीच्या काठावर टेकवले आहेत. त्या वेळी ती माझ्याशी शेजारच्यांच्या कांद्याला काय भाव मिळाला ते बोलत होती, अगदी खुशीत. मी बोलणं काढून टाकलं. त्या शॉटच्या आधी पडदा काळा ठेवला आणि त्यावर जोराच्या दोन थापा. मग ते टेकलेले हात, पीठ लागलेले, बिनआवाजाचे. हात तेच आहेत, पण आता त्यांच्याकडे बघताना पोटात गोळा येतो.

मग प्रश्न उरला तो किती वेळाचा. आठ सेकंद ठेवलं तर बाई जरा विसावली असं वाटतं. बारा-चौदाला बघणाऱ्याच्या लक्षात येतं की काहीतरी आहे. वीसच्या पुढे लोक खुर्चीत चुळबुळ करतात, आणि आणखी ताणलं की घड्याळाकडे बघतात, मग सगळं सुटतं. मी 22 सेकंदांवर थांबले. शाळेत शार्दूलविक्रीडित पाठ करताना 12व्या अक्षरावर यती, असं घोकलं होतं. ओळीत श्वास कुठे घ्यायचा याचा इतका काटेकोर विचार आपल्या वृत्तांमध्ये आहे, आणि फिल्म कापताना मला त्याचाच उपयोग होतो. कुणी विचारतं, एडिटिंग कुणाकडे शिकलीस? सॉफ्टवेअर मित्रांकडे शिकले. थांबायचं कुठे ते कवितेने शिकवलं.

आता गोष्टीबद्दल. 1953 साली न्यूयॉर्कमध्ये 'सिनेमा 16' या फिल्म सोसायटीने कविता आणि चित्रपट यांवर एक परिसंवाद ठेवला होता. नाटककार आर्थर मिलर होते, कवी डिलन थॉमस होते, आणि माया डेरेन होती. ती आधी कविता लिहायची, एम.ए.चा प्रबंधही तिने कवितेवर केला होता, आणि पुढे अमेरिकेतल्या प्रायोगिक सिनेमाचा पाया घालणाऱ्यांत ती गणली गेली. तिने मांडलं ते साधारण असं: नाटक आडवं चालतं, एका घटनेतून दुसरीकडे, कविता उभी उतरते, एकाच क्षणात खोल. थॉमसने तिथेच तिची थट्टा केली आणि सभागृह हसलं. तिचं म्हणणं मात्र मला शंभर टक्के पटतं.

आपल्याला तर ते नवीनही वाटू नये. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणलं तेव्हापासून मराठी प्रेक्षक हेच बघत आला आहे. नाटकात पद सुरू झालं की कथानक जागच्या जागी उभं राहतं. नायिका रुसली आहे, हे पहिल्या ओळीत कळलेलं असतं, तरी गाणारी व्यक्ती तो रुसवा पंधरा मिनिटं आळवते आणि आपण वन्समोअर देतो. तेव्हा कुणी गोष्ट कुठे आहे असं विचारत नाही. माझ्या फिल्ममध्ये पद तेवढं ठेवलं आहे, आजूबाजूचं नाटक नाही. मामांना हे असं सांगितलं तेव्हा त्यांना पटलं, कारण ते नाट्यसंगीताचे दर्दी आहेत.

"हे सगळं परदेशी आहे" असंही ऐकते. पण आपल्याकडेही हे झालं आहे. दिग्दर्शक मणी कौलने 1980 मध्ये कवी मुक्तिबोधांच्या लेखनावर 'सतह से उठता आदमी' हा चित्रपट केला. मुक्तिबोध लिहायचे हिंदीत, पण घरची भाषा मराठी. दिलीप चित्रे तर आपले कवी, त्यांनी 'गोदाम' दिग्दर्शित केला. पण मला सगळ्यात जवळची वाटते ती स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवरची मार्गारेट टेट. पेशाने डॉक्टर, महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून भारतातही होती, मग रोमला जाऊन सिनेमा शिकली, आणि कविता जन्मभर लिहिल्या. 1952 मध्ये तिने आपल्या आईवर चार-साडेचार मिनिटांची फिल्म केली. तिच्यात आई चघळायच्या गोड गोळीला चिकटलेला कागद बोटांनी सोडवते आहे आणि कॅमेरा ती बोटं सोडत नाही. कुठलाही प्रसंग घडत नाही. मी ती बघितली आणि भाकरीवर फिल्म होऊ शकते याचा धीर आला.

कवितेचं मग काय झालं, हेही विचारतात. आधी आठही ओळी माझ्या आवाजात चित्रावर होत्या. एकेक काढत गेले. दाद मिळालेली ओळ सगळ्यांत आधी गेली, कारण 22 सेकंद बसलेला प्रेक्षक स्वतःच कान झालेला असतो, त्याला ते सांगायची गरज नाही. राहिल्या त्या दोन, काळ्या पडद्यावर नुसत्या अक्षरांत:

डबा उघडला की भाकरीवर
तिच्या बोटांचे ठसे

डबा शाळेत उघडतो आणि कॅमेरा स्वयंपाकघराबाहेर जात नाही. जिथे चित्र पोचत नाही तिथेच शब्द ठेवायचा, असा नियम मी माझ्यापुरता करून घेतला आहे.

आईला फिल्म दाखवली. त्या हातांच्या शॉटला ती पुढे सरकून बघायला लागली. संपल्यावर म्हणाली, "तेव्हा मी कशावर चिडले होते गं?" मी सांगितलं, तू तवा तापायची वाट बघत होतीस, कांद्याच्या भावाचं सांगत होतीस. तिला ते खरं वाटेना. मी मूळ शॉट आवाजासकट लावला, तेव्हा तिने तो परत लावायला लावला, आणि मग आपल्या आईचा, म्हणजे माझ्या आजीचा राग कसा असायचा ते सांगायला लागली. तेही मी टिपलेलं नाही. पण पुढची कविता त्यावर चालू आहे, आणि तिची फिल्म होईल की नाही हे अजून ठरलेलं नाही. कागदावर पुरली तर कागदावरच राहील.

फिल्म बघणार असाल तर एक विनंती आहे, हेडफोन लावून बघा. सुरुवातीला बराच वेळ पडदा काळा आहे आणि नुसती थाप ऐकू येते, आणि मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर तिचा खालचा, जड आवाज येतच नाही. बघून झाल्यावर तुमच्या घरात राग कशावरून ओळखायचे ते जरूर कळवा.