गोझो: बसने जा, कड्यांवरून चाला

गोझोला जातोय म्हटलं की जो तो सांगतो, गाडी भाड्याने घ्या. किनाऱ्याने चालायचं असेल तर हा सल्ला कानाआड करा. गाडी असली की जिथे लावली तिथेच परत यावं लागतं, म्हणजे निम्मी पायपीट त्याच वाटेने. बसने गेलं तर एका टोकाला उतरायचं, कड्याकड्याने चालत दुसऱ्या टोकाला निघायचं आणि तिथून दुसरी बस धरायची. भूमध्य समुद्रात, माल्टाच्या वायव्येला असलेलं हे बेट जेमतेम ६७ चौरस किलोमीटरचं. किनाऱ्याची पूर्ण प्रदक्षिणा सुमारे पन्नास किलोमीटरची, पण ती एका दमात करायची गरज नाही.

आधी बसचं गणित. जवळजवळ सगळ्या बस व्हिक्टोरिया या बेटाच्या मुख्य गावाहून सुटतात आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या चहूबाजूंना जातात. किनाऱ्याने गोल फिरणारी बस नाही. म्हणून मुक्काम व्हिक्टोरियातच करावा, समुद्राकाठच्या हॉटेलचा मोह टाळून. स्थानिक लोक या गावाला अजून रबात म्हणतात. व्हिक्टोरिया हे नाव १८८७ साली राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात मिळालं. बसस्टँडपासून सिटाडेलचा किल्ला चालत दहा मिनिटांवर आहे, तेव्हा संध्याकाळही वाया जात नाही.

३०१ नंबरची बस इम्जार बंदराला जाते, ३०६ श्लेन्दीला, ३१० मार्सालफॉर्नला, ३११ द्वेय्राला. बऱ्याच मार्गांवर तासाला एकच बस असते. त्यातून आम्ही दोघींनी एक नियम काढला: जिथली बस कमी, तिथे सकाळी जायचं, जिथे बस वरचेवर मिळते आणि बसायला एखादं कॅफे आहे, तिथे चालणं संपवायचं. दुपारी उन्हात थकून आल्यावर बस नुकतीच गेली असली तरी मग काही वाटत नाही. गार काहीतरी मागवायचं आणि बूट सैल करायचे.

याच नियमाने द्वेय्रा ते श्लेन्दी असं चाला, उलट नको. द्वेय्राला आजही पर्यटकांच्या झुंडी उतरतात आणि इकडेतिकडे बघत राहतात. ज्या दगडी कमानीचे फोटो सगळीकडे दिसतात, ती अझूर विंडो ८ मार्च २०१७ला वादळात कोसळली. पाण्याच्या वर आता काही उरलेलं नाही. पण मला तरी द्वेय्राची खरी गोष्ट खाडीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या फंगस रॉकची वाटते. त्या खडकावर उगवणाऱ्या एका गडद तांबूस वनस्पतीने रक्तस्राव थांबतो, असा सेंट जॉनच्या सरदारांचा, म्हणजे तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या ख्रिस्ती योद्ध्यांच्या संघाचा, समज होता. कुणी चोरून नेऊ नये म्हणून त्यांनी पहारा बसवला, आणि १७४६मध्ये त्यांचा प्रमुख, ग्रँडमास्टर पिंटो, याने तिथे पाऊल ठेवायलाच बंदी घातली. समोरचा टेहळणी बुरूज १६५२चा. गंमत म्हणजे खडकाच्या नावात फंगस म्हणजे बुरशी असली, तरी ती वनस्पती बुरशी नाहीच, दुसऱ्या झाडांच्या मुळांवर जगणारं बांडगूळ आहे.

खाडीला वळसा घालून वाट दक्षिणेला चढते. चढ अंगावर येतो, पण वर पोचलं की फंगस रॉक पायाखाली दिसतो. पुढे वार्दिया टोकाकडचा सपाट माळ लागतो. एप्रिलमध्ये इथे पिवळी रानफुलं गुडघ्यापर्यंत येतात आणि थाइमच्या सुगंधी झुडपांवर बूट पडला की वास वर येतो. सावली मात्र नावाला नाही. कड्याला कठडा नाही, दगड भुसभुशीत आहे. फोटोसाठी काठावर जाऊ नका. शेवटी श्लेन्दीची अरुंद खाडी एकदम खाली उघडते. रमतगमत तीन तास धरा. पायांत जीव असेल तर श्लेन्दीच्या दक्षिण बाजूला दगडी पूल ओलांडून १६५० सालच्या बुरुजापर्यंत जाऊन या.

दुसरी चाल उत्तरेची, मिठागरांची. आसरी गावापर्यंत बसने जायचं आणि शेतांतून वीद इल-आसरीकडे उतरायचं. ही म्हणजे दोन कड्यांमध्ये घुसलेली समुद्राची चिंचोळी पट्टी, तळाशी गोट्यांचा इवलासा किनारा. तिथून पूर्वेला किनाऱ्याने श्वेय्नीच्या मिठागरांतून मार्सालफॉर्न. वसई-उरणकडची मिठागरं मातीच्या बांधांची. ही सगळी खडकात कोरलेली. पिवळट चुनखडीत चौकोन, शेजारी शेजारी, शेकडो. काहींचे काठ पायांनी आणि पाण्याने झिजून गोल झालेत. एका उथळ चौकोनाशी वाकून पाहिलं तर पाण्यावर दुधाच्या सायीसारखी पातळ पापडी धरली होती आणि कडेला मिठाचे दाणे जमू लागले होते. मीठ गोळा करतात ते कडक उन्हाळ्यात, आणि ते काम काही घराण्यांत अजून चालतं. मीठ रस्त्याच्या कडेला पिशव्यांत विकायला असतं. चौकोनांमधल्या बांधांवरून चालू नका. रस्ता शेजारीच आहे आणि हे कुणाचं तरी शेत आहे, असं समजा.

पूर्वेला चालण्याचा आणखी एक फायदा म्हणजे दुपारनंतर ऊन पाठीवर येतं आणि इथला नेहमीचा वायव्येचा वाराही मागूनच ढकलतो. हा वारा जोराचा असला तर उत्तर किनारा सोडून दक्षिणेला जा.

दक्षिणेला सान्नातहून सुरुवात करून ता चेन्चच्या कड्यांवरून इम्जार इश-शीनीच्या खाडीत उतरायचं, तिथला १६६१चा बुरूज बघायचा आणि किनाऱ्याने इम्जार बंदर गाठायचं. कडे शंभर मीटरहून उंच आहेत. माथ्यावर खडकात गाडीच्या चाकांसारखे जोडीने गेलेले प्राचीन चर आहेत. ते कुणी, कशासाठी पाडले यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. शेवटी बंदर असल्यामुळे परतीच्या दिवशी ही चाल ठेवता येते, पण सामान व्हिक्टोरियात असेल तर ३०१ने एक फेरी जास्त होते.

रामला ते सान ब्लास हा ईशान्येचा तुकडा लाल वाळूसाठी सुंदर आहे, पण उतारावर निळसर चिकणमाती आहे. पाऊस पडून गेल्यावर तिथे जाऊ नका. बुटांना किलोभर चिखल चिकटतो आणि पाय ठरत नाही.

वाटांवर खुणा आहेत, पण भरवशाच्या नाहीत. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. दगडांवर रंगाने ‘आरटीओ’ लिहिलेलं दिसेल. आपल्या आरटीओशी त्याचा संबंध नाही, जागा खासगी आहे एवढाच अर्थ. त्यातल्या बऱ्याच शिकाऱ्यांच्या जागा, आणि हंगामात सकाळी बार ऐकू येतात. वाटेवरून हलू नये, हे उत्तम.

बस हात केल्याशिवाय थांबत नाही, आणि भरलेली असली तर हात करूनही नाही. म्हणून शक्यतो पहिल्या थांब्यावरूनच चढा. एकेरी तिकीट हिवाळ्यात २ आणि उन्हाळ्यात २.५० युरो होतं, दोन तास चालतं, त्यात बस बदलता येते. आठवडाभर राहणार असाल तर सात दिवसांचं तल्लिन्या कार्ड, म्हणजे बसचा पास, घ्या. ते माल्टातही चालतं. दर बदलतात, निघण्याआधी बघून घ्या. फलकावर रोमन लिपीतला एक्स दिसला की तो ‘श’ वाचा, नाहीतर चालकाला गाव विचारताना पंचाईत होते. चालकांत भारतीयही आहेत. एकाने आमचं हिंदी ऐकून उतरायची जागा स्वतःहून सांगितली.

पाणी प्रत्येकी दोन लिटर घ्या. कड्यांवर दुकान नाही. नळाचं पाणी चालतं, पण मचूळ लागतं. डब्याला पास्तीत्सी उत्तम: वाटाण्याच्या नाहीतर रिकोटा चीजच्या सारणाची खुसखुशीत करंजीच, गरम गरम आणि स्वस्त. पारीत चरबी असू शकते, काटेकोर शाकाहारींनी विचारून घ्यावं.

गोझोला विमानतळ नाही. माल्टाच्या विमानतळावरून एक्स-१ बस चिर्केव्वा धक्क्यापर्यंत जाते, तिथून इम्जारला बोटीने सुमारे २५ मिनिटं. रस्त्यात गर्दी असते, बसला दीड तास धरा. बोटीचं तिकीट जाताना घ्यावं लागत नाही, येताना इम्जारला घेतात. पायी प्रवाशाला आमच्या वेळी ४.६५ युरो. माल्टाची राजधानी व्हॅलेटाहून थेट जलद बोटही आहे, पाऊण तासाची. तिचं तिकीट वेगळं, आणि लाटा मोठ्या असल्या तर ती रद्द होते. परतीचं विमान त्याच दिवशी असेल तर मोठी बोटच धरा.