संकष्टीला पायी पुळ्याला जायचंय? आधी तिथी बघा

दाभोळ ते गणपतीपुळे पायी जायचं ठरलं की मंडळी आधी सुट्ट्या जुळवतात, मग मुक्काम ठरवतात आणि भरती-ओहोटीचा विचार थेट किनाऱ्यावर पोचल्यावर करतात. क्रम उलटा हवा. या वाटेवर किती दमायला होईल हे अंतरापेक्षा पाण्याच्या वेळेवर ठरतं, आणि ती वेळ पंचांगात आधीच मिळते.

किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती, तर सकाळी नऊ आणि रात्री नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पक्ष शुद्ध असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासूनच करायची. हिशोब अंदाजी आहे, अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो. पण बेत आखायला पुरतो.

त्यामुळे चार दिवसांची वाटचाल वद्य प्रतिपदेला सुरू करून संकष्टीला पुळ्यात संपवली, तर सगळं जुळून येतं. चारही दिवस ओहोटी सकाळी मिळते, पहिल्या दिवशी पावणेसातला आणि शेवटच्या दिवशी नऊला. पौर्णिमा नुकतीच झालेली असल्यामुळे पाणी लांबवर मागे जातं आणि चालायला रुंद पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, मिळते. पहाटे चंद्र पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला असतो, त्यामुळे वाळूवर बॅटरीही फारशी लागत नाही. विनायकीला, अगदी माघातल्या गणेशजयंतीलाही, ओहोटीची वेळ हीच असते, पण पहाटेचं चांदणं मिळत नाही. एक बारकावा ध्यानात ठेवा. संकष्टी चंद्रोदयाच्या चतुर्थीवर धरतात, त्यामुळे त्या सकाळी कधी कधी तृतीयाच चालू असते. अशा वेळी ओहोटी पाऊण तास अलीकडे धरावी.

टप्पे सरळ आहेत. दाभोळला गुहेतल्या चंडिकादेवीचं दर्शन घेऊन फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडायची. पलीकडे धोपावे, तिथून रस्त्याने गुहागर पंधरा-सोळा किलोमीटर. व्याडेश्वराच्या दर्शनाला संध्याकाळ मोकळी मिळते. दुसरा दिवस सगळ्यात लांबचा: गुहागरहून असगोली, पालशेत, वेळणेश्वर करत हेदवी, साधारण २४ किलोमीटर. तिसऱ्या दिवशी हेदवीहून तवसाळ, पुन्हा फेरीबोट, शास्त्रीची खाडी ओलांडून जयगड. चौथ्या दिवशी जयगडहून कऱ्हाटेश्वर, रीळ, वरवडे, मालगुंड आणि पुळं, अठरा-वीस किलोमीटर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या आत गुहागरच्या पुळणीवर उतरा. साडेसातच्या ओहोटीला असगोलीपर्यंतचं अंतर कडक वाळूवरून निघून जातं. चालायची पट्टी कशी ओळखायची? पाऊल टेकताच भोवतीची ओली वाळू क्षणभर फिकी, कोरडी पडल्यासारखी दिसली आणि टाच बोटभरही रुतली नाही, तर ती पट्टी उत्तम. पाणी चकाकत राहिलं आणि पाय खाली जायला लागला, तर दोन-चार हात वर सरका. खेकड्यांनी काढलेल्या वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी दिसू लागली, तर पाणी जाऊन बराच वेळ झालाय. कडक पट्टीवर तासाला चार-साडेचार किलोमीटर सहज होतात. वरच्या भुसभुशीत वाळूत तोच वेग अडीचवर येतो आणि पोटऱ्या भरून येतात.

पुळणीला उतार असतो आणि दक्षिणेकडे जाताना समुद्र कायम उजवीकडे राहतो. उजवा पाय सतत खाली पडतो, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू किंवा कंबर बोलायला लागते. ओहोटीला पाण्याजवळची वाळू जवळजवळ सपाट असते, तिथूनच चाला. ती वेळ टळली असेल, तर हट्ट न करता रस्ता धरा.

दोन ठिकाणी मात्र अजिबात धाडस नको. एक म्हणजे कातळाचं टोक. पलीकडची पुळण समोर दिसते आणि वळसा वाचवायचा मोह होतो. पण शेवाळावर पाय टिकत नाही, कालवांच्या कडा तळव्याला ब्लेडसारख्या कापतात, आणि मध्ये असताना पाणी चढायला लागलं तर परतीची वाटही बुजते. दुसरं म्हणजे खाडीचं आणि वहाळाचं, म्हणजे ओढ्याचं, मुख. गुडघाभर दिसणाऱ्या पाण्यालाही ओहोटीत जोरदार ओढ असते, आणि कडेच्या चिखलात पाय गेला की चप्पल वर येत नाही. पूल किंवा होडी, एवढेच दोन मार्ग. शेवटच्या फेरीबोटीची वेळ आदल्या मुक्कामी विचारून घ्या.

हेदवीला दुपारी दोन-अडीचपर्यंत पोचलात, तर बामणघळ भरतीत बघायला मिळेल. कातळातल्या अरुंद भेगेत लाट शिरते आणि पाणी उंच उसळतं. ओहोटीला तिथे नुसती चीर दिसते. कडेपासून लांब उभे राहा, तिथला खडक कायम ओला असतो. दशभुज गणेशाचं दर्शन त्यानंतर निवांत घ्या.

पायांना फोड येतात ते अंतरामुळे कमी, ओल्या मोज्यातल्या वाळूमुळे जास्त. पुळणीवर अनवाणी किंवा पट्ट्याच्या सँडलमध्ये चालावं. रस्त्याला लागण्याआधी पाय गोड्या पाण्याने धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून मगच मोजे-बूट घालावेत. मांड्या आणि काखेत खाऱ्या घामाने चोळवटतं, तिथे निघतानाच खोबरेल लावावं. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, जांभा तापतो आणि सावली नसते, त्यामुळे माणशी दोन लिटर पाणी, मीठ-साखर आणि कोकमाचं आगळ हवंच. हे सगळं कार्तिक ते माघ या दिवसांसाठी. फाल्गुनानंतर दुपारचं चालणं सोडाच, आणि पावसाळ्यात पुळणीचं नावही नको.

चार ते सहा जण बरे. सगळ्यात सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवा, म्हणजे तुकडी फाटत नाही. घरगुती खानावळीत जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवलं नाही, तर आयत्या वेळी सहा पानं मिळतीलच असं नाही. शेवटच्या दिवशी उपास असेल, तर पहाटे साबुदाण्याची खिचडी दाबून खाऊ नका, ती पहिले दोन तास अंगावर येते. केळी, राजगिऱ्याचे लाडू आणि वाटेत शहाळी घ्या, शिवाय पाण्यात मीठ विसरू नका. मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्याने उपास आणि वीस किलोमीटर एकाच दिवशी करू नये.

त्या दिवशी जयगडहून पहाटे पाचला निघा, म्हणजे रीळ-वरवड्याच्या बाजूला आठपर्यंत याल आणि पुढची पुळण ओहोटीत मिळेल. पुळ्यात पोचल्यावर अंग धुवायला समुद्रात उतरू नका. तिथला तळ एकदम खोल जातो, ओढही जबर आहे, आणि थकलेल्या पायांना ती आवरत नाही. नळाखाली पाय धुवा, रांग मोठी असेल तर आधी डोंगराची प्रदक्षिणा करून घ्या. संकष्टीचा चंद्रोदय रात्री उशिरा असतो, त्यामुळे उपास सोडून त्याच रात्री परतायचा बेत नको. राहायची खोली महिनाभर आधी ठरवा, आणि अंगारकी असेल तर त्याहून आधी.