कोल्हापूर ते सातारा, उसाच्या ट्रॉलीमागून

कोल्हापूर ते सातारा हे अंतर महामार्गाने जेमतेम सव्वाशे किलोमीटर आहे आणि कुठे थांबले नाही तर दोन-अडीच तासांत ते संपते. आम्ही उभयतांनी मात्र शक्य तिथे महामार्ग सोडून आतल्या गावांतून जायचे ठरवले होते, कारण या पट्ट्यातल्या तालमी आणि शिक्षणसंस्था निवांत पाहायच्या होत्या. गळीत हंगाम ऐन भरात होता. दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरमागे गाडी एकदा सापडली की घाई करण्याचा प्रश्नच उरत नाही.

कोल्हापुरात १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढणारे आणि १९१२ साली खासबाग मैदान बांधून घेणारे राजर्षी शाहू महाराज एकच, ही गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते, पण तिची संगती मला पहाटेच्या तालमीत लागली. तालमीतली बहुतेक मुले खेड्यांतून आलेली असून तिथेच राहतात. आम्ही पोहोचलो तेव्हा हौद्यातली तांबडी माती खोऱ्याने उकरणे चालले होते. या मातीत हळद, तेल, ताक, लिंबू घालून ती मऊ ठेवतात आणि तिचा आंबूस-थंड वास अंगणापर्यंत येतो. एका कोपऱ्यात सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा मांडीत कुंडी धरून सोट्याने बदाम घोटत होता. चौकशी केल्यावर समजले, की तूप घरून येते, बदाम विकत घ्यावे लागतात आणि खुराकाचा महिन्याचा खर्च पेलण्यासाठी घरातली एखादी म्हैस केवळ त्याच्या नावाने राबते. म्हणजे पैलवान व्हायचे असो की पदवीधर, खेड्यातल्या मुलापुढचा पहिला प्रश्न डावपेचांचा किंवा पुस्तकांचा नसतोच. शहरात राहायचे कुठे आणि जेवायचे काय, हा असतो. वस्तादांनी “च्या घेतल्याबिगर जायचं न्हाई, पाव्हणं” असे बजावल्यामुळे तिथला मुक्काम तासभर लांबला.

हातकणंगले तालुक्यातले कुंभोज हे कर्मवीर भाऊराव पाटलांचे जन्मगाव. तिथून वारणानगर जवळ आहे. तात्यासाहेब कोऱ्यांनी साखर कारखान्याभोवती दूध संघ, शाळा, महाविद्यालय असे सगळे गावच उभे केले आणि त्यांच्या पुण्यतिथीला डिसेंबरात इथे कुस्त्यांचे मोठे मैदान भरते. परिसर आखीव आणि स्वच्छ आहे. मला तो जरा जास्तच आखीव वाटला.

वारणा ओलांडून सांगली जिल्ह्यात शिरलो, पेठनाक्याला महामार्ग लागला आणि कराडच्या अलीकडे पुन्हा आत वळून काले गाठले. भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना १९१९ साली केली ती या गावात. आज संस्थेचा पसारा पाहता इथे काहीतरी भव्य असेल असे वाटते, पण काले हे चारचौघांसारखे शेतकऱ्यांचे गाव आहे आणि ते तसेच आहे हे मला आवडले.

कराडला लागूनच असलेल्या, पैलवान खाशाबा जाधवांच्या गोळेश्वर गावी मात्र आम्ही बराच वेळ रेंगाळलो. खाशाबांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीत कांस्यपदक मिळवले, आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. १९४८ मध्ये ते लंडनला जाऊन सहावे आले होते, तरीही पुढच्या वेळी जाण्याचा खर्च जमवताना गावोगाव वर्गणी मागावी लागली. शेवटी, ते ज्या राजाराम महाविद्यालयात शिकले होते, तिथले प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवून ते कर्ज फेडले, हा भाग पदकाइतकाच सांगितला जायला हवा, असे माझे मत आहे. कोणत्याही महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात ‘क्रीडा विभाग’ या मथळ्याखाली याहून मोठी गोष्ट मी वाचलेली नाही.

साताऱ्यात पोहोचेपर्यंत ऊन उतरले होते. भाऊरावांनी १९२४ साली इथे सर्व जातींच्या मुलांसाठी सुरू केलेल्या वसतिगृहाला १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. तिथे मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, प्रसंगी मंगळसूत्रही दिले. पुढे १९४७ साली निघालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात गरीब मुलांनी श्रम करून शिकावे, अशी योजना होती. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द आज सगळीकडे दिसतात, त्यांचे मूळ या आवारात आहे.

हाच प्रवास करायचा असेल तर तालमीत पहाटे किंवा दुपारी चारनंतर जावे, कारण मधल्या वेळी पैलवान झोपलेले असतात. चपला दाराबाहेर काढाव्यात आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत. गळीत हंगामात निघालात तर अंधार पडायच्या आत आडरस्ते सोडा; अनेक ट्रॉल्यांना मागे दिवे नसतात.