तुम्ही विचारलंत म्हणून: पान बघून व्हायरस कसा ओळखायचा?

दोन-तीन दिवसांआड कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पानाचा फोटो टाकतं आणि खाली एकच प्रश्न, ताई हा व्हायरस आहे का. भांडुपला सोसायटीच्या गच्चीवर मी नऊ वर्षं भाजी लावतेय, त्यामुळे मुलुंडपासून डोंबिवलीपर्यंतच्या गच्चीवाल्यांना वाटतं की मी फोटो बघून लगेच सांगेन. पण एका पानावरून मी कधीच सांगत नाही. मला शेंडा दाखवा, आणि त्याच झाडाचं खालचं जुनं पान दाखवा.

कारण खत कमी पडलं की पिवळेपणाला एक शिस्त असते. नायट्रोजन कमी असेल तर आधी खालची पानं अख्खीच्या अख्खी फिकट होतात, लोह कमी असेल तर नवीन पान पिवळं पण शिरा हिरव्यागार, आणि मधल्या शिरेच्या डावीकडे जसं तसंच उजवीकडे. व्हायरसला ही शिस्त नाही. गडद हिरवं, पोपटी, पिवळट असे कसेही तुकडे, कुठेही, आणि मुख्य म्हणजे पानाचा आकारच बिघडतो, एक बाजू मोठी तर दुसरी आखडलेली, मध्येच फोड आल्यासारखा उंचवटा. टोमॅटोची पानं तर कधीकधी एवढी बारीक होतात की नुसते दोरे लोंबल्यासारखी दिसतात.

माझी पहिली काकडी अशीच गेली. जानेवारी होता, ढगाळ हवा होती, आणि शेंड्याचं पान मी सकाळच्या उजेडासमोर धरलं तर आतून सगळे ठिगळं लावल्यासारखे डाग, वरून हात लावला तर पान गुळगुळीत नाही, खडबडीत लागलं. उलटं केलं तर शिरेला चिकटून हिरवा-काळपट मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, मध्ये मध्ये त्याची पांढरी कात पडलेली, बोटांना चिकट लागत होतं आणि मुंग्यांची रांग वर चढत होती. मी काय केलं, तर दुकानदाराने दिली ती औषधाची बाटली आणली आणि फवारली. मावा मेला. वेल काही सुधरला नाही. आठ-दहा दिवसांत बाजूच्या दुधीचा शेंडा पण तसाच, आणि पुढे काकड्या धरल्या त्या वाकड्या, अंगावर फिकट-गडद गाठी.

ते का झालं हे मला खूप उशिरा कळलं, म्हणून इथे नीट लिहिते. मावा काही पान चावत नाही, त्याची सोंड सुईसारखी असते. काकडीवरचा मोझॅक (पानावर ठिगळांसारखे डाग पाडणारा व्हायरस) किंवा पपईवरच्या रिंगस्पॉट व्हायरसचा काकडी-दुधीसारख्या वेलांवर येणारा भाऊबंद, हे व्हायरस त्या सोंडेच्या टोकाला लागतात आणि पुढच्या झाडावर जातात. आजारी झाडावर एक मिनिटभर जरी सोंड टोचून बघितली तरी पुरतं, पुढच्या झाडावरही तेवढंच. औषधाने मावा मरेपर्यंत त्याचं काम होऊन गेलेलं असतं. त्यात पंखवाला मावा वाऱ्याबरोबर येतो, चव बघतो, आवडलं नाही तर उडून जातो, म्हणजे तुम्हाला झाडावर एकही मावा दिसणार नाही आणि तरी रोग आलेला असेल. आणि उलटंही खरं, मावा भरलाय म्हणून व्हायरस आहेच असं नाही, नुसता रस शोषल्याने पण शेंडा गोळा होतो. तेव्हा मावा साबणाच्या पातळ पाण्याने धुवून टाका आणि नंतर येणारी पानं बघा. नवीन पान सपाट, एकसारखं हिरवं आलं तर सुटलात. तेही डागाळलेलं, चुरगळलेलं आलं तर बहुतेक व्हायरसच. शंभर टक्के खात्री लॅबच्या टेस्टनेच होते, पण गच्चीवरच्या सहा कुंड्यांसाठी कोण करतंय.

आणि प्रत्येक वाकडं पान माव्याच्या नावावर घालू नका. भेंडीच्या शिरा पिवळ्याजर्द होऊन जाळी दिसली तर तो हळद्या नावाचा व्हायरस रोग, तो पांढरी माशी आणते. मिरचीचं पान वरच्या बाजूला होडीसारखं वळलं तर आधी फुलकिडे (थ्रिप्स) बघा, खालच्या बाजूला वळलं तर कोळी, म्हणजे घरातला कोळी नाही, रस शोषणारी अगदी बारीक कीड.

व्हायरस झालेल्या झाडाला औषध नाही. हे वाक्य मी फोनवर सांगते तेव्हा पलीकडे शांतता पसरते, मला कळतं, बी लावून पाणी घालून वाढवलेलं असतं. पण तो वेल उभा आहे तोवर बाजूच्या प्रत्येक झाडाला धोका आहे. उपटायच्या आधी त्यावरचा मावा मारा, नाहीतर झाड हलवलं की तो शेजारच्या कुंडीत जातो. काढलं की लगेच पिशवीत बांधा. कुंडीतलं तण पण काढा, काकडीच्या मोझॅकचं नाव काकडीचं असलं तरी तो हजाराच्या वर प्रकारच्या झाडांवर राहतो. बाकी ती वाकडी काकडी खाल्ली तर माणसाला काही होत नाही, चवीला कडवट लागू शकते एवढंच.

शेजारच्या काकूंनी गेल्या आठवड्यात स्वतःच्या हाताने दोडक्याचा वेल काढला, चार दोडकी धरलेली होती, डोळ्यात पाणी होतं त्यांच्या. तिथून दोन हातांवर त्यांचं कारलं आहे. रोज सकाळी आम्ही दोघी त्याचा शेंडा उलटा करून बघतो, आजपर्यंत तरी पान स्वच्छ आहे.